होडीच्या गाण्यातलं मधलं कडवं

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

अण्णा तुझ्याकडे सुखरूप पोहोचले हे कळलं. नंतरचे तुझे फोन उचलले नाहीत, रागावू नकोस. ऑफिसात कामाचा नुसता धबडगा आहे. एवढा मोठा घोडा झालास आणि पत्र काय लिहितोस म्हणून हसशील. पण पत्रात निवांत बोलता येतं आणि तुला मधे तोंड घालता येत नाही, हा फायदा काही कमी नाही.

अण्णांना हवापालट हवी होती, बाकी काही नाही. सकाळी उठले, पिशवी भरली आणि म्हणाले की ताईकडे जाऊन येतो, गाडीत बसवून दे. पिशवीत दोन सदरे, चष्मा आणि ती मोठी कात्री. दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी हा शिंपी कात्रीशिवाय घराबाहेर पडत नाही, तुला ठाऊकच आहे.

एक काम कर. त्यांच्या फोनमध्ये त्यांच्या सगळ्या रेकॉर्डींमधली गाणी मी शोधून शोधून उतरवून दिली आहेत. कुठे खरखर नाही, काही नाही. तरी ते हात लावत नाहीत. म्हणतात की ही गाणी संपतच नाहीत, मग माणसाने उठायचं कधी? आठवतं ना, रेकॉर्डची एक बाजू म्हणजे एक बाही. बाजू संपली की मान वर, घोटभर पाणी, रेकॉर्ड पलटायची आणि मग दुसरी बाही. आता बाह्या नाहीत तरी हिशेब तोच. तू जरा गोडीने शिकव.

जाताना तेच म्हणाले की माझ्या रेकॉर्डींचा कोपरा मोकळा कर आणि ठकीला अभ्यासाचं टेबल लाव. म्हणून रेकॉर्डींचं खोकं आमच्या कॉफीवाल्या मित्राला देऊन टाकलं. त्याला दुकानाच्या भिंतीला लावायला हव्या होत्या. पोरीचं टेबल छान बसलंय तिथे.

ठकीचा शाळेतला कार्यक्रम बरा झाला. जराशी गडबडली. मुलं म्हटल्यावर चालायचंच.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर माया आहे ती तेवढीच असू दे, कमी करू नकोस.

तुझा
टिल्लू

* * *

दि. ११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. कानही पिळला असता, पण तो इथून हाताला लागत नाही.

पत्र वाचलं. तू लहानपणी काही फोडलंस की फार गोड बोलायचास. या पत्रात तू फार गोड बोलला आहेस.

अण्णा ठीक आहेत असं मी म्हणणार नाही. जेवतात, झोपतात, विचारलं तर काही नाही गं म्हणतात. आल्यापासून माझ्या मशीनवर बसून घरातले सगळे पडदे आखूड केले, यांच्या सगळ्या शर्टांची बटणं पक्की केली. आता उशांच्या मागे लागलेत. पण हे सगळं मुक्याने. गाण्याशिवाय मशीनचं चाक फिरत नाही म्हणणारा माणूस तो. काल मी रेडिओ लावला तर उठले, बंद केला, आणि पुन्हा येऊन बसले. फोन उशीखाली ठेवलाय, तो वाजला तरी बघत नाहीत.

आणि परवा ठकीचा फोन आला, तुझ्या बायकोच्या फोनवरून. तिने विचारलं की आत्या, होडीच्या गाण्यात होडी सुटली की आई लगेच घरी येते ना? मी विचारलं की असं का विचारतेस? तर म्हणाली की मी आता कधीच गाणं म्हणणार नाही. आणि ठेवून दिला फोन.

तुझं ते जराशी गडबडली मला पुरत नाही. काय झालं ते सरळ लिही. आणि त्या खोक्यात होडीची छोटी रेकॉर्ड होती का, तेही लिही. हे आधी लिही.

लोभ आहेच रे. पण उत्तर येईपर्यंत तो टांगून ठेवलाय.

तुझी
ताई

* * *

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

होडीची रेकॉर्ड खोक्यात होती. आता बाकीचं सांगतो. फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं.

ठकीने कार्यक्रमासाठी होडीचं गाणं निवडलं. महिनाभर अण्णांसोबत रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावून बसायची. अण्णांनी तिला निळा फ्रॉक शिवला, त्याला खिसेसुद्धा ठेवले, गाताना हात कुठे ठेवायचे कळत नाही म्हणून. शाळेने सांगितलं होतं की मागे वाजवायचं नुसतं संगीत पालकांनी द्यावं. ते मी उतरवून दिलं. पाच मिनिटांचं काम. पण त्या संगीतावर तिला एकदा म्हणून बघायला सांगावं, हे काही मला सुचलं नाही.

पहिलं कडवं सुरेख झालं. आई बाजाराला निघते, होडी सुटते. मग ठकी नेहमीसारखी दारात आलेल्या आईच्या कडव्यावर गेली, ओल्या केसांची, हसणारी आई. आणि मागचं संगीत भलतीकडेच चाललेलं! त्यात मधे एक अख्खं कडवं आहे, ताई. मला खरंच माहीत नव्हतं. आपल्या रेकॉर्डवर ते नाहीच. पोरीचं गाणं संपलं तरी संगीत वाजतच राहिलं. ती खिशात हात घालून उभी. मागच्या पोरांनी हसायला सुरुवात केली, मग मोठेही हसले.

माझ्या शेजारी आमचे मोठे साहेब बसले होते, त्यांचा मुलगा त्याच शाळेत आहे. त्यांनी हसत हसत विचारलं की हे काय झालं. मी काय म्हणालो सांगतो, तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मी म्हणालो की आमच्या म्हातारबांकडे एक भंगार रेकॉर्ड आहे, ती उडते, आणि हल्ली तेही तसेच उडतात, पोरीचंही गाणं बिघडवलं त्यांनी. साहेब खो खो हसले. मीही हसलो. स्टेजवरून ठकी माझ्याकडेच बघत होती.

आमच्या मागच्याच रांगेत अण्णा होते. तिच्यासाठी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ठकीच्या स्वेटरचं बटण शिवून दिलं आणि पिशवी भरली. कोपरा मोकळा कर असं ते म्हणाले हे खरं. पण ते का म्हणाले हे मला कळत होतं, ताई. कळत असूनही मी खोकं उचलून देऊन आलो. ते डोळ्यांसमोर नको होतं मला.

आरशात बघायची सोय राहिलेली नाही. तुझा लोभ टांगलेलाच राहिला तरी माझी तक्रार नाही.

टिल्लू

* * *

दि. १९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. आ.

चिडायचं नाही असं ठरवून बसले होते. जमलं नाही. पहिली दोन पानं लिहून फाडली, त्यात तुला जे म्हटलं होतं ते तुझ्या बायकोने वाचलं असतं तर तिला तुझी दया आली असती.

आता नीट वाच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या भावोजींनाही नाही.

ती रेकॉर्ड आपोआप खराब झालेली नाही. आई गेली तेव्हा तू बोबडं बोलायचास. होडीचं गाणं तिचं आवडतं, म्हणून तुला ते रोज हवं असायचं. पण त्यातलं मधलं कडवं लागलं की तू असा काही रडायचास की शेजारचे दार वाजवायचे. त्या कडव्यात वादळ येतं आणि होडी रिकामी परत येते, टिल्लू. शेवटी दारात येते ती आई मुलाला स्वप्नात दिसते. खरं गाणं असं आहे.

रेकॉर्ड लपवली तर तू जेवेनास. मग एके दुपारी अण्णांनी दुकानाचं दार आतून लावलं. मी काजं करायला मशीनमागे बसले होते. त्यांनी दुसऱ्या दोन चांगल्या रेकॉर्डी घेतल्या आणि दाभणाने त्यांच्यावर हात बसवला, कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेतून बघतात तसा. दोन्ही वाया गेल्या. मग होडीच्या रेकॉर्डवर एक तिरकी चरी पाडली. पिन होडी सुटण्यापाशी आली की त्या चरीतून घसरायची आणि थेट दार उघडण्यावर जायची. वादळ नाही, रिकामी होडी नाही. तुला हाक मारून ऐकवलं. तू टाळ्या पिटल्यास. अण्णांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

तुझ्या फोनमधलं गाणं जगात सगळ्यांकडे एकसारखंच आहे. हे एकच गाणं आपल्या घरच्या मापाने बेतलेलं होतं. त्यालाच तू भंगार म्हणालास, चारचौघांत, आणि ते ऐकत बसले.

ऊठ आणि त्या कॉफीवाल्याकडे जा. उत्तर लिहीत बसण्याआधी जा.

लोभ खाली उतरवला आहे, कारण त्याची आता तुला गरज लागणार.

तुझी
ताई

* * *

दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तसाच ऑफिसच्या कपड्यांत गेलो. रेकॉर्डी त्याने आरशाभोवती गोल चिकटवल्यात. मला वाटलं होतं की खिळ्यावर अडकवल्या असतील. होडीची छोटी रेकॉर्ड आरशाच्या डाव्या हाताला होती. मित्र बिचारा चांगला आहे, गिऱ्हाईकं बसलेली असताना खुर्चीवर चढला आणि पातळ सुरीने ती सोडवली. भिंतीचा रंग, पोपडे, सगळं तिच्यासोबत आलं. होडीची बाजू भिंतीकडे होती. अण्णांची चरी डिंकाने पार भरून गेली आहे. दोन दिवस ओल्या फडक्याने पुसत बसलो. पिन ठेवली की नुसती घासत राहते. गेली ती, ताई.

मग ऑफिसच्या जिन्यात बसून फोनवर ते गाणं लावलं. माझ्या फोनमध्ये कधीपासून आहे, पण पूर्ण कधी ऐकलं नव्हतं. होडीत नुसती वल्ही परत येतात. मला पुढे ऐकवेना. एवढा बाप्या माणूस जिन्यात तोंडावर रुमाल धरून बसलो आणि वर जाणारे येणारे विचारत होते की बरं वाटत नाहीये का.

ठकीची माफी मागितली. तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं की चूक तुझी नव्हती, आजोबांचीही नव्हती, मी हसायला नको होतं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं की आजोबा कधी येणार. ती टेबलावर अभ्यासाला बसत नाही, जमिनीवरच बसते, ते मी मागच्या वेळी लिहिलं नव्हतं.

अण्णांशी मी कोणत्या तोंडाने बोलू? हे पत्र त्यांना वाचून दाखव, नाहीतर फाडून टाक. तू करशील ते मला मान्य.

तुझा
टिल्लू

* * *

दि. २७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अण्णांचे अ. आ.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवायला घेतलं आणि मधेच नाक ओढत बसली, तेव्हा मीच चष्मा लावून वाचलं. अक्षर सुधार. दुकानातल्या पावत्या तू याहून बरं लिहायचास.

तू हसलास त्याचं मला वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणून सांगणार नाही. पण पोरगी तिथे एकटी उभी होती आणि मी बाटली धरून बसून राहिलो, त्याचं जास्त वाटलं. मला उठून सांगता आलं असतं की आमच्या घरी हे गाणं असंच आहे. तुझ्या साहेबाच्या बुटांकडे बघून माझी जीभ उचलली नाही. तुझ्यावर रागावून नाही आलो मी इथे. तिच्या तोंडासमोर बसायची लाज वाटली म्हणून आलो.

रेकॉर्ड गेली तर गेली. पुसत बसू नकोस, आणखी ओरखडे पडतील. तिची दुसरी बाजू बघ वाजते का. त्या बाजूला काय आहे ते आपल्या घरात कुणालाच माहीत नाही, होडीपुढे ती लावायची वेळच कधी आली नाही.

शिवण चुकली तर मी तुला काय करायला लावायचो? जिथे चुकली तिथूनच उसवायला. तू लोकांसमोर हसलास, तर लोकांसमोरच काय ते कर. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो. ठकीला घेऊन स्टेशनवर ये. फलाटावर भरपूर माणसं असतात. तिथे होडीचं गाणं म्हणायचं, आपल्या पद्धतीने, होडी सुटली की सरळ दारात. ती म्हणाली तर तू तिच्या मागे म्हण. नाही म्हणाली तर तू एकटा म्हण. तुझा आवाज फाटका आहे हे मला माहीत आहे. मी सुरुवात करून देईन. साहेबांना बोलावलंस तरी माझी हरकत नाही.

सूनबाईंना सांग की पडदे काढून ठेवा, आखूड करायचे आहेत.

माझा हात तुझ्या डोक्यावर होता तिथेच आहे असं समज.

अण्णा

ता. क. हे ताईला सांगू नकोस. ती मशीनमागे होती, तिने अर्धंच पाहिलं. तुझं रडणं त्याआधीच थांबलं होतं. त्या कडव्याला तू खेळत बसायचास. ऐकवत नव्हतं ते मला. इतकी वर्षं ताई ते तुझ्या नावावर धरून चालली आणि मी तिला चालू दिलं. अजूनही मला ते ऐकवत नाही, तेव्हा मी येण्याआधी तुझ्या फोनमधलं ते गाणं तेवढं काढून टाक.