माया उसवल्याची हकिकत

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग घालून मग लिहायला बसणार होतो, पण अर्ध्यात पोट आडवं आलं. त्याच पोटाबद्दल हे पत्र आहे.) तुझी तब्येत ठणठणीत असेल, भाऊजींचा गुडघा कुरकुरत नसेल आणि तुझा ओव्हन थंड असेल अशी आशा करतो. शेवटची आशा वाचून तुझ्या भुवया वर जातील. जाऊ देत. आमच्या तर रविवारपासून खाली आलेल्याच नाहीत.

झालं असं, की रविवारी सकाळी तुझी भावजय जिना चढता चढता मधल्या पायरीवर मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. आमची लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागल्यापासून तिला माणसं दिसत नाहीत, नुसत्या शिरा दिसतात. तिला फोन केला तर बोटाला टोचायचं यंत्र घेऊन तासाभरात हजर! दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलापाशी हिला, आपल्या अण्णांना आणि मला ओळीने बसवलं. हिचा आकडा लेकीने दोनदा वाचला. अण्णांचा पाहून तिने यंत्र झटकलं आणि पुन्हा टोचलं. माझा आकडा आला तेव्हा मला वाटलं, यंत्र आपला घर नंबर दाखवतंय. ताई, तिघांनाही साखर! जिने आईची नजर नेली, जिच्यापायी शेवटची दोन वर्षं तू आईला हाताला धरून घरात फिरवलंस, ती साखर आमच्याकडे कधीची मुक्कामाला आहे आणि आम्हाला पत्ता नाही. सोमवारी डॉक्टरांनी त्यावर कळस चढवला. हिच्या डोळ्यांत सुरुवात दिसते आहे, म्हणाले. अजून सावरता येईल, पण तीन महिने गोड पूर्ण बंद.

गोड? आमच्या घरात गोड खातं कोण? मी छातीठोकपणे तसं सांगितलं. मग लेकीने फडताळावरचा तुझा कुकीजचा डबा खाली काढला आणि चौकशी बसली. तू दर महिन्याला साठ कुकीज पाठवतेस. प्रत्येक जण म्हणे दिवसाला एकच खातो. तरी डबा सहाव्या दिवशी खडखडतो. हे गणित आजवर कोणी मांडलंच नव्हतं. (मी ते उंदरांवर ढकललं होतं. उंदरांची मी जाहीर माफी मागतो.) हिची जबानी अशी, की ती फक्त तुटलेल्या कुकीज खाते, तुटलेल्या काही मोजायच्या नसतात. त्या इतक्या तुटतात कशा, असं लेकीने विचारल्यावर ही खिडकीबाहेर बघायला लागली. अण्णा म्हणाले, मी खात नाही, मऊ पडल्यात का ते बघतो. दिवसातून चार वेळा बघतात, आणि एका कुकीवरून डब्याचा अंदाज येत नाही असा त्यांचा अनुभव आहे. शिवाय तू एकदा चिठ्ठीत ‘यात ओट्स आहेत, पौष्टिक’ असं लिहिलं होतंस. तेव्हापासून ते कुकीज गोळ्यांबरोबर घेतात. सकाळी दोन, रात्री दोन. मी का खायचो? ताई, तू एवढी खपून करतेस, नाही कसं म्हणायचं!

पण खरा धक्का पुढेच आहे. ही काही मानेना. म्हणाली, यंत्र बिघडलंय, मी सुटले असते तर कपड्यांनी सांगितलं नसतं का? आणि पुरावा म्हणून ऑफिसची राखाडी पँट घेऊन आली. सहा वर्षांपूर्वी मीच शिवलेली, आजही अंगाला बेतल्यासारखी बसते. ताई, अण्णांनी मला शिकवलेला पहिला धडा तुला आठवत असेल. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, त्याला आपण शिंपी माया म्हणतो, आणि माया ठेवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, कारण माणूस एका मापाचा राहत नाही. मी त्या पँटला दोन इंच माया ठेवली होती. मग दर सवा-दीड वर्षाने ही पँट खुंटीला लावून म्हणायची, धुण्यात आटली वाटतं. (आमच्या घरात कोणी जाड होत नाही, कपडे आटतात.) मी दुपारी ती दुकानात न्यायचो, शिवण उसवायचो, अर्धा इंच सोडायचो, इस्त्री फिरवून पुन्हा खुंटीला. ही घालून म्हणायची, बघा, झाली की नीट! मी म्हणायचो, झाली. अण्णांच्या शर्टांचंही तेच. दोन शब्दांचा वाद टळतो आणि बायको हसते, यात मला काही गैर वाटलं नाही. उलट आपण किती प्रेमळ नवरा, असं वाटून मी वर एक कुकी खायचो.

लेकीने पँट उलटी केली. शिंप्याचीच पोर ती! आत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीखाली एक, चार. तिने बोट फिरवून मोजल्या आणि विचारलं, “बाबा, आता यात माया किती उरली?” मी म्हणालो, “दोराभर.” अण्णांनी चष्मा लावून शिवण तपासली आणि म्हणाले, टाके सुरेख आलेत. मग ही एवढंच म्हणाली, “तुम्हाला सहा वर्षं माहीत होतं?” ताई, आरडाओरडा केला असता तर मी सोसला असता. तिला वाटत होतं, पँट अजून बसते तो जिने चढते त्याचा गुण आहे. मी मायेने उसवत बसलो आणि तिकडे तिचे डोळे जात होते, ही गोष्ट काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही. कुकी मात्र उतरायची.

आता ही माझ्याशी बोलत नाही. संध्याकाळी तासभर तरातरा चालते. लेकीने डॉक्टरांना विचारलं, इतक्या वेगाने चालणं बरं का? ते म्हणाले, उत्तम, राग टिकवा. अण्णा रिकामा डबा उघडून वास घेतात आणि सुस्कारा सोडून बंद करतात. माझा आकडा सगळ्यांत मोठा कसा, याचाही उलगडा झाला. मी स्वतः इलॅस्टिकची पँट वापरतो. इलॅस्टिकसारखं तोंडपुजं जगात दुसरं काही नसेल.

भाऊजींना नमस्कार सांग. कळावे, निदान या वेळी तरी कळावे, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. या महिन्यापासून डबा पाठवू नकोस.

ता. क. दुसरा : आधीच भाजून झाल्या असतील तर घराऐवजी दुकानाच्या पत्त्यावर पाठव. गिऱ्हाइकांसाठी. (ही ओळ लेकीने खोडायला सांगितली आहे. खोडली असं समज.)

ता. क. तिसरा : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तू मागच्या खेपेला निळा ड्रेस ठेवून गेली होतीस, आटलाय म्हणून. मी तो सैल करून पाठवला आणि तू कळवलंस, आता छान होतो. ताई, त्यात मी दोन इंच माया ठेवली होती. ती सगळी सोडली, आणि तुला बोललो नाही. कपडे आटतात हे आईही म्हणायची, आठवतं? उद्या सकाळी काही न खाता रक्त तपासायला दे. आणि मला डबा पाठवच, पण रिकामा, आत फक्त तुझ्या आकड्याची चिठ्ठी घालून. खोटा आकडा लिहू नकोस. सोडायला माझ्याकडे आता माया उरलेली नाही. कापडातली म्हणतोय.