एकेचाळिसावं पान

प्रिय ताई,

आणि दानचा ओढा डोंगरात उगम पावतो हे तुला सांगितलं तरी कुणी? कचेरीतल्या खुर्चीनं? आपल्या तालुक्यात डोंगर आहे कुठे! ताटासारखा सपाट तालुका, त्यात वारूळ दिसलं तरी आपण त्याला टेकडी म्हणतो. दानचा ओढा बांबूच्या बेटामागं तीन वारुळं आहेत ना, त्यांच्या खालून पाझरतो. मी त्यात म्हशी बसवल्यात, त्यातले खेकडे खाल्लेत, एकदा त्यातच बाबांचा कोयता हरवून मारही खाल्लाय. पण तू तालुक्याच्या पुस्तकात लिहिलंस डोंगर, म्हणजे आता शंभर वर्षं तालुक्यातली पोरं डोंगर घोकणार. बरं, ते जाऊ दे. ओढ्यावरून मी भांडत नाही. मी भांडतोय ते एकेचाळिसाव्या पानावरून. फोनवर दोनदा सांगितलं, आता लिहून सांगतो: ते पान बदल. पुस्तक छापून यायच्या आधी बदल, आणि वर्षावास संपल्यावर कचेरीत ती बांधाची सभा भरायच्या आधी तर बदलच.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘एकेचाळीस’ म्हटलं की तू ‘जेवलास का’ विचारतेस. परवा तर म्हणालीस, ‘सहावीत दप्तर टाकून पळालेला तू, मला इतिहास शिकवणार होय रे बेडक्या?’ आणि मागे बाबा हसले. म्हणजे फोन मोठ्या आवाजावर होता. बाबा ऐकत असताना मला जे सांगायचंय ते सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. माझ्याबरोबर इथं बेरी तोडणारे सुथिनकाका दलदलीत पाय मुरगळून आठवड्याभरात घरी परत येतायत, त्यांच्या हाती देतो. त्यांना चहा पाज, त्यांचं रडगाणं ऐकून घे आणि पत्र एकटी असताना वाच. शाळेत वाच. घरी नको.

इकडं मी ठीक आहे. फिनलंडच्या या रानात निळ्या बेरी आहेत, डास आहेत आणि आम्ही आहोत. पहाटे चारला गाडी निघते, दाते असलेल्या डब्यानं झुडपं विंचरायची, बादल्या भरायच्या, पाठीवर चाळीस किलो घेऊन रस्त्यापर्यंत यायचं. कंबर म्हातारी झाली. चिकट भात रोज मिळतो, पण माशाच्या आंबवणाची बरणी गाडीत फुटली आणि तेव्हापासून गोरा गाडीवाला खिडक्या उघड्या ठेवून गाडी हाकतो. पण एक गोष्ट सांगतो, आणि ती तुझ्यासाठीच सांगतो. वाट चुकू नये म्हणून इथं प्रत्येकाला नकाशा देतात. ताई, या नकाशात प्रत्येक डबक्याला नाव आहे. जिथं दहा कोसांत माणूस नाही, तिथल्या डबक्याला! मी गाडीवाल्याला खुणेनं विचारलं, हे काय लिहिलंय. त्यानं आपल्या सुथिनकाकांना मोडकं तोडकं समजावलं, की कुणा म्हातारीचा इथं एक मोजा वाहून गेला होता, म्हणून हे मोज्याचं तळं. म्हातारी मेली, मोजा गेला, नाव आहे. मी तिथंच बादलीवर बसलो. काका म्हणाले, ‘काय रे, चक्कर आली?’ आपल्या अख्ख्या गावाला जे मिळालं नाही, ते इथं एका मोज्याला मिळालंय, हे त्यांना काय सांगू?

तुला शाळेतला तो दिवस आठवतो का? आठवत नसेल. तुझ्या पाठीवर छडी पडली नव्हती. चौथी-पाचवी एकाच खोलीत बसायची, तू पुढच्या बाकावर, मी मागे. गुरुजींनी तालुक्याचा नकाशा काढायला सांगितला. सगळ्यांनी तळं निळं रंगवलं. मी तळ्याच्या मधोमध एक ठिपका काढला आणि लिहिलं, नोन खाम. गुरुजी म्हणाले, ‘पाण्यात गाव? मासे राहतात का तिथं?’ वर्ग हसला. मी म्हणालो, माझे आजोबा तिथं जन्मले. गुरुजी म्हणाले, ‘नकाशात नाही ते तालुक्यात नाही.’ मी ठिपका खोडला नाही म्हणून पाच छड्या. तुला ठाऊक होतं, ताई. नोन खामची चिंच, देवराई, सगळं आजोबांनी तुलाही सांगितलं होतं. तू पाटीवरून मान वर केली नाहीस. शाळा मी त्या दिवशी सोडली नाही, पण मन त्या दिवशी उठलं. आता तालुक्याचा इतिहास-भूगोल लिहायचं काम तुझ्याकडं आलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी तो ठिपका येईल.

आणि ठिपका आला की! खोटं कशाला बोलू. तू पाठवलेले पानांचे फोटो मी टेकाडावर चढून, जिथं फोनला रेंज येते तिथं बसून, तीनदा वाचले. शेजारच्या तालुक्यातून आपला तालुका फुटला त्याची हकिकत, पहिले साहेब बैलगाडीतून आले आणि त्यांची टोपी बैलानं खाल्ली ते, सगळं झकास आहे. सुथिनकाकांना वाचून दाखवलं, ते खदाखदा हसले. आईसारख्या बाया उन्हाळ्यात जमिनीवरचं मीठ खरवडायच्या आणि उकळून त्याच्या बदल्यात भात घ्यायच्या, तेही लिहिलंस. तिथं मी जरा हळवा झालो. फक्त ‘खारट नापीक जमीन’ हे खोड. जी जमीन आपल्या आईनं खरवडून आपल्याला पोसलं, ती नापीक कशी?

मग एकेचाळिसावं पान आलं. आता तुझंच वाक्य तुला वाचून दाखवतो: ‘बुद्ध सन २५१० मध्ये तळ्याचा बांध झाला, तेव्हा नोन खाम गावाने देवराईतल्या पूर्वजांची परवानगी मागितली. राईचे मध्यस्थ म्हणजे लेखिकेचे आजोबा. त्यांनी काठी मोजली, पूर्वजांनी आनंदाने होकार दिला आणि गाव आनंदाने वर सरकलं.’ दोनदा आनंदाने. आताच्या साहेबांनी हे पान वाचून तुझी पाठ थोपटली म्हणे. का नाही थोपटणार! बांध आणखी दोन मीटर उंच करायचाय त्यांना. खालची शेतं जाणार, गाव सरकल्यावर वर केलेली नवी देवराई जाणार. आणि सभेत हेच पान वाचून म्हणणार, बघा, तुमच्या वाडवडिलांनी आनंदानं दिलं होतं, तुम्हीच का कुरकुरता?

आता ऐक. हे मी कुणाला सांगणार नाही असं आजोबांना वचन दिलं होतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. वचन मोडतोय, त्याचं पाप माझं.

तू जिल्ह्याच्या शाळेत वसतिगृहाला होतीस, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. उन्हाळ्यात तळं इतकं आटलं की मधला उंचवटा उघडा पडला. आजोबा मला म्हणाले, म्हशी सोड, चल. भेगाळलेल्या गाळातून आम्ही तासभर चाललो. ते चालता चालता बोट दाखवत होते: इथं आपलं घर, इथं रांजण, इथं तुझ्या पणजीचा माग. चिंचेचं खोड काळं पडून तसंच उभं होतं. देवराईचे नुसते बुंधे. तिथं त्यांनी बरोबर आणलेला एक बांबू काढला, दोन्ही हात पसरून छातीवर धरला, हातांच्या मापानं बरोबर कापला. काठी मोजायची रीत तुला ठाऊक आहेच. बोलायचं, पूर्वजांनो, कबूल असेल तर काठी माझ्या हातांपेक्षा लांब भरू दे, नसेल तर आखूड. मग परत हात पसरून मोजायची. आजोबांनी विचारलं, ‘मला माफ केलंत का?’ काठी दोन बोटं आखूड भरली. ते गाळातच बसले. मी विचारलं, आजोबा, कशाची माफी? तेव्हा त्यांनी सांगितलं.

बांध झाला त्या साली साहेब लोक आले होते. म्हणाले, सगळं गाव मुकाट्यानं उठलं तर वर जमीन मिळेल, कागदासकट. नाही उठलं तर पाणी येणारच आहे, जमीन मात्र नाही. गाव म्हणालं, पूर्वज सांगतील तसं. सगळं गाव राईत जमलं, बाया कडेवर पोरं घेऊन. आजोबा तेव्हा चाळिशीचे पण नव्हते. त्यांनी विचारलं, काठी मोजली, आखूड भरली. ते त्यांना एकट्याला कळलं, कारण बोटांची टोकं त्यांची. कुणाला कळायच्या आत त्यांनी ती पुन्हा मोजायला घेतली, आणि मोजताना खांदे पाडले, श्वास सोडला, छाती आत घेतली. हातांची पोच कमी झाली आणि काठी बोटभर बाहेर आली. लोकांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं आणि सगळे घरांच्या फळ्या सोडवायला लागले. आजोबा मला म्हणाले, ‘बेडक्या, मी माणसं वर आणली. पण पूर्वज, ते म्हातारे लोक, खाली राहिले. ते आलेच नाहीत. वरच्या राईत आपण दरवर्षी कोंबडी कापतो ती पूर्वजांच्या रिकाम्या झोपडीपुढं.’

तुला ती बाटली आठवते? पेरणीआधी राईत नैवेद्य झाला की आजोबा तांदळाच्या दारूची दुसरी बाटली पंच्याखाली लपवून तळ्याकडं जायचे. तू आईकडं चुगली करायचीस, ‘म्हातारा एकटाच ढोसायला गेला.’ आई त्यांना सगळ्यांदेखत बोलायची आणि ते मान खाली घालून ऐकायचे. एक थेंब प्यायचे नाहीत, ताई. काठावर गुडघाभर पाण्यात उभे राहून सगळी बाटली पाण्यात ओतायचे आणि म्हणायचे, ‘घ्या. उशीर झाला, पण आणली.’ मी बघायचो. मी पण काही बोललो नाही, तेव्हा तुझ्यावर छडीच्या वेळचा जो राग आहे, त्यातला थोडा माझ्यावरही धरायला हवा.

आता का सांगतो ते ऐक. आजोबांनंतर राईचे मध्यस्थ बाबा आहेत. मुखियानं मला परवा फोनवर सांगितलं, आणि तू सांगितलं नाहीस, की सभेच्या दिवशी साहेबांपुढं बाबाच काठी मोजणार. त्याआधी तुझं पान भोंग्यावरून वाचणार. बाबा तुला माहीत आहेत. आपल्या बापाच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जाणारा माणूस. त्यांची काठी आखूड भरली, तर त्यांना वाटेल, ‘खोट माझ्याच हातात आहे, माझ्या बापाला ज्यांनी आनंदानं होकार दिला ते माझ्याशी बोलत नाहीत.’ आणि मग भर सभेत, साहेब बघत असताना, तुझ्या त्या दोन ‘आनंदाने’पायी बाबासुद्धा छाती आत घेतील. मला तळ्याचं पुढं काय होईल ते माहीत नाही. दोन मीटर काय, वीस मीटर वाढवतील, मी काय करणार? पण बाबांना आणखी पंचवीस वर्षं पंच्याखाली बाटली घेऊन तळ्यावर जायला लागू नये. त्यांना सरळ उभं राहून, हात पुरते पसरून काठी मोजू दे. जे भरेल ते भरेल. तू फक्त लिही, की काठी आखूड भरली होती. आजोबांचं नाव राहू दे, त्यांनी खोटं का सांगितलं तेही लिही. चांगलं लिहितेस तू. साहेब रागावले तर म्हण, माझ्या अडाणी भावानं माहिती दिली. बाबांना सभेआधी तूच सांग. मला जमणार नाही, फोनवर माझा आवाज फाटेल.

तुझाच,
बेडक्या (कागदोपत्री बुनलुआ)

ता. क. एक पान बदलायचं तर नवा ठसा आणि कागद मिळून छापखानावाला आठ हजार सहाशे मागतो, असं तूच वैतागून म्हणाली होतीस. ते पाठवतोय, आणि वर एका बाटलीचे दीडशे. ती बाबांच्या हाती उघड दे, पंच्याखाली नको, आणि त्यांच्याबरोबर पाण्यापर्यंत जा. बँकेत जमा होतील ते असे: आठ हजार सातशे पन्नास बात.