आई इटालियन शिकली तेव्हा

प्रिय आई,

तुझं तेरावं परवा झालं. पाहुणे गेले. दादा आणि कियारा अजून इथेच आहेत, छोटी मीरा तुझ्या पलंगावर आडवीतिडवी झोपली आहे. आज दुपारी भांडी पुसता पुसता कियाराने मला विचारलं, "आई इटालियन शिकल्या कशा? मला सगळं सांग." मी सांगायला बसले आणि मग घरात जे झालं ते तुला कळवल्याशिवाय मला राहवेना. म्हणून लिहायला घेतलंय.

दादाच्या लग्नाचा फोटो आला तो दिवस आठवतो तुला? हजीऱ्याच्या कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी इटलीला पाठवलं काय, आणि तिकडून थेट लग्नाचा फोटो आला काय. अण्णांनी फोटोच्या मागचं नाव वाचलं, "चिआरा. हे काय नाव झालं?" आणि फोटो टीव्हीवर पालथा ठेवला. जेवणं झाल्यावर तू तो सुलटा केलास आणि भिंतीला टेकवून उभा ठेवलास.

दादाचा फोन आला तेव्हा तू एकच प्रश्न विचारला होतास, "मी हिच्याशी बोलू कशी?" तिला मराठी येत नव्हतं, हिंदी नव्हतं, इंग्रजी दोघींचंही यथातथाच. अण्णा म्हणाले, "सून आहे ना? तिने शिकावं मराठी." तू धुणं पिळत म्हणालीस, "ती शिकेल तेव्हा शिकेल. मला आत्ता बोलायचंय."

सुरतेत इटालियन शिकवणारं माणूस तू कुठून शोधून काढलंस, याचं मला अजून नवल वाटतं. तुझ्या शाळेतल्या गुजराती बाईंनी नानपुऱ्यातल्या होमीकाकांचं नाव सुचवलं. पारशी गृहस्थ, एकटे, उमेदीची सगळी वर्षं इटालियन बोटींवर नोकरी केलेली. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा ते दारातच हात जोडून म्हणाले, "बेन, हुं मास्तर नथी." तू चपला काढत म्हणालीस, "मास्तरीण मी आहे. कसं शिकवायचं ते मी बघते, तुम्ही फक्त बोला." त्यांना हसू आवरेना. मी तेव्हा कॉलेजात होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग दर गुरुवारी आणि रविवारी भेस्तानच्या घरून माझ्या मोपेडवर मागे बसून तू नानपुऱ्याला यायचीस. काका गुजरातीतून समजावायचे, तू ते मराठीतून स्वतःला सांगायचीस आणि मग इटालियनमधून म्हणायचीस. मी हिंचक्यावर झोके घेत नानखटाई खात ऐकायचे. एवढा मोठा वर्ग नजरेने गप्प करणारी तू, काकांसमोर मात्र मांडीवर हात ठेवून पोरीसारखी बसायचीस. "जीभ ढीली राखो, बेन," ते म्हणायचे. तुझी जीभ काही सैल पडायची नाही. पहिल्या शिकवणीहून घरी आलीस आणि पदर खोचता खोचता अण्णांना म्हणालीस, "अहो, चिआरा नाही. कियारा." अण्णांनी पेपराचं पान उलटलं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी प्लेगची बातमी पसरली. निम्मं सुरत गाड्यांना लोंबकळून बाहेर पडलं, आपणही धुळ्याला मामाकडे गेलो. होमीकाका आले नाहीत. "मी कुठे जाऊ?" म्हणाले. मामाकडे तू धड जेवत नव्हतीस. परत आलो तेव्हा घराचं कुलूप उघडायच्या आधी तू मला नानपुऱ्याला पिटाळलंस. काका ओट्यावर बसून चहा पीत होते. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा तू देवापुढे दिवा लावलास.

कियाराशी तुझं पहिलं बोलणं मला तोंडपाठ आहे. तुला विचारायचं होतं, जेवलीस का? पण काकांची गाडी अजून वर्तमानकाळातच होती. म्हणून तू विचारलंस, "मांजी?" म्हणजे, खातेस? तिकडून हसण्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "मांजो." खाते. झालं. तुम्हा दोघींचं सूत जमलं. दर रविवारी ती काय काय खाते हे तुला कळायला लागलं. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून असायचे, पण फोन हातात घ्यायचे नाहीत.

आणि मग ती दुपार. तू कणीक मळत होतीस, फोन मी उचलला. कियारा होती आणि नुसती रडत होती. दादा कामासाठी दूर कुठेतरी साइटवर होता, ती हॉस्पिटलमधून एकटीच घरी आली होती. तिला दिवस गेले होते हे आपल्याला ठाऊक होतं. बाळ राहिलं नव्हतं. तुला मी एवढंच सांगू शकले. तू पिठाच्या हातानेच फोन घेतलास.

मला वाटलं, तू म्हणशील रडू नकोस. तू म्हणालीस, "पियांजी, पियांजी." रड, रड. किती वेळ तू तिला नुसतं रडू दिलंस. मग खाली जमिनीकडे बघत, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी बोललीस, "ओ दुए बाम्बीने. ऊना ए आ काझा. ऊना, नो."

मला दोन मुली आहेत. एक घरी आहे. एक नाही.

हिंचक्यावर बसून मी फुकटात तुझ्याइतकंच शिकले होते, आई. मला ते समजलं. घरी असलेली मी तर तिथेच उभी होते. पलीकडे कियाराचा आवाज थांबला. तिने काहीतरी विचारलं, तू हळूच काही उत्तर दिलंस, ते मला ऐकू आलं नाही. फोनच्या तारेला पीठ लागलं होतं.

तू पुन्हा कणकेपाशी बसलीस, तेव्हा मी विचारलं, "दुसरी कोण?" तू मान वर केली नाहीस. दादानंतर, माझ्या आधी. बारशाच्या आत गेली. एवढंच बोललीस. मी चिडले. माझी सख्खी बहीण, आणि मला ती इटलीतल्या बाईला सांगताना कळावी? मराठीत का नाही सांगितलंस मला कधी? तू थोडा वेळ गोळे करत राहिलीस. मग म्हणालीस, "मराठीत सांगायला गेलं की घशातच अडकतं गं. ते शब्द तेव्हापासूनचे आहेत. हे आत्ता आत्ता शिकलेले, त्यांना माझं काही ठाऊक नाही."

अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांना तू आत जाऊन फक्त "सुनेचं बाळ गेलं" एवढं सांगितलंस. ते बाहेर येऊन बराच वेळ टीव्हीवरच्या त्या फोटोसमोर उभे होते. मग तुझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आम्ही आहोत, असं कसं म्हणतात?" तू सांगितलंस, "स्यामो क्वी." दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांनी तुझ्या हातातून तो घेतला, घसा खाकरला आणि बँकेत सही पडताळावी इतक्या गंभीरपणे म्हणाले, "कियारा. स्यामो क्वी." पुढचं काहीच येत नसल्यामुळे तेच पुन्हा म्हणाले.

त्यानंतरचं तुला सांगायला नको. दिवाळीला दोघं आले, कियाराने तुला स्टेशनवरच मिठी मारली आणि हमाल बघत राहिले. पुढे मीरा झाली. होमीकाकांनी भूतकाळ शिकवायला काढला, पण तू तो कधी धड शिकली नाहीस. "मला बोलायला एवढं पुरतं," म्हणायचीस.

हे सगळं आज मी कियाराला सांगितलं. अर्धं इटालियनमध्ये, अर्धं मराठीत; आता तिलाही बरंच समजतं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी आईंना विचारलं होतं, तिचं नाव काय? त्या म्हणाल्या, नाव नाही."

आणि आई, दारातून अण्णा बोलले. ते चहाचा कप ठेवायला आले होते, कधीपासून उभे होते आम्हाला कळलंच नाही. म्हणाले, "नाव आहे. रोहिणी. मी ठेवलं होतं मनात. बारसंच झालं नाही, मग तुमच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांना खुर्चीत बसवलं. दादा बाहेरून आला तर आम्ही तिघंही रडत होतो. त्याला आधी काही उलगडा होईना.

रागावू की नको तुमच्यावर? एका घरात, ताटाला ताट लावून इतकी वर्षं जेवलात, आणि एकाच लेकीला दोघं वेगवेगळे आठवत राहिलात. तू नाव नसलेल्या मुलीला, ते नाव असलेल्या. एकदा विचारायचं होतंस गं त्यांना. त्यांनीही सांगायचं होतं. आता मी सांगतेय तुला. रोहिणी. छान आहे ना?

तुझ्याशिवाय घर फार शांत झालंय. अण्णांची काळजी करू नकोस, मी आहे. कियाराने दोन महिने राहायचं ठरवलंय.

आणि एक तुला कबूल करते. कुणी विचारलं, भावंडं किती, तर आजवर मी दोन म्हणायचे. आता तीन म्हणेन. सुहास, रोहिणी आणि मी. पुढे कुणी विचारलंच, ती कुठे असते, तर तेही सांगेन. घसा दाटला तरी सांगेन, आणि मराठीत सांगेन.

तुझी धाकटी लेक,
नंदू