केळीच्या रोपाला धुरी

कोल्हापूर, ३ मार्च २०२५

ती. धोंडुआत्तीस अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

आत्ती, जमलं! गेल्या पावसात आतोबांचं केळीचं बेट कुजलं, तेव्हा वाचलेला एकुलता मुनवा, बुडाशी फुटलेलं ते पिल्लू, तू मला दिलास. तो सोलत सोलत आतला नखाएवढा कोंब आम्ही लॅबमध्ये बाटलीत ठेवला होता, त्याला फुटवे आले! मी अशी ओरडले की साहेबसुद्धा धावत आले. पुढं बऱ्याच बाटल्यांत बुरशी शिरली, पण तीन रोपं जगली. दूधगाडीवाल्या बाळासोंबरोबर पाठवतेय. त्यांना अजून ऊनवारा ठाऊक नाही. सावलीत, प्लास्टिकखाली ठेव. तान्ह्या बाळासारखं जप.

लोभ आहेच, तो रोपांवरही असू दे.
तुझी अनुजा

राधानगरी, १५ मार्च

चि. अनुजास आत्तीचे अनेक आशीर्वाद.

पोरी, रागावू नको. बाळासारखं जप म्हणालीस, म्हणून रोज संध्याकाळी धुपाटण्यात ओवा आणि लसणाच्या साली टाकून प्लास्टिकखाली धुरी दिली. आपल्या घरात धुरीशिवाय एक पोर वाढलेलं नाही, तूसुद्धा. पण दोन रोपं करपली गं. तिसऱ्याचा शेंडा तेवढा हिरवा आहे. शेजारची झुंबरबाई बारसं कधी हाय म्हणून विचारून गेली. मला मात्र रडू आवरेना. तुझे आतोबा गेले, आता हे रोपही गेलं तर त्यांच्या हातचं काही उरत नाही. काय करू, लगेच कळव.

माया पातळ करू नको.
तुझी आत्ती

कोल्हापूर, १७ मार्च

ती. आत्तीस सा. न.

आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसले. धुरी आजपासून बंद! पण खरं सांगते, इथं आता त्या कोंबाची एकही बाटली शिल्लक नाही. ते रोप तिथंच लावलं तर येत्या पावसात पुन्हा कुजायची भीती. इकडं आणलंस तर त्याचा कोंब कापून परत बाटलीत घालीन. जमलं तर शेकडो रोपं, फसलं तर काहीच नाही. माझे हात शिवशिवतायत, आत्ती! पण रोप तुझं आहे. तू म्हणशील तसं.

उत्तराची वाट पाहणारी,
अनुजा

राधानगरी, १९ मार्च

चि. अनुजास आशीर्वाद.

कालपासून रोप समोर घेऊन बसले होते. एकच राहिलं तर मी जन्मभर त्याची राखणच करीन. तुझ्या आतोबांनी मुनवा मागायला आलेल्या कुणाला कधी नाही म्हटलं नाही. उद्या सकाळच्या एसटीनं येते, रोप मांडीवर घेऊन. झुंबरबाईनं तर तिच्या वाट्याच्या रोपासाठी परसात खड्डासुद्धा काढून ठेवलाय. कापायचं ते माझ्यादेखत काप, आणि हात थरथरला तर तुझी खैर नाही.

सगळा जीव तुझ्या सुरीवर ठेवून,
तुझी आत्ती