काउबॉयवरचा आळ

प्रिय ताई,

तुझा मेसेज मिळाला. ‘थँक्सगिव्हिंगला येतेय. अण्णांना घेऊन जाणार. या वेळी तुझं काही ऐकणार नाही.’ मी उत्तर दिलं नाही तेव्हा तू परीक्षितला फोन केलास, आणि त्याने ‘ताई, ते तुम्ही बहिणी बघा’ म्हणून अंग काढून घेतलं. नवरा म्हणून त्याने केलेल्या शहाणपणाच्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. मलाही फोन करता आला असता. पण आई गेल्यापासून आपलं बोलणं अण्णांच्या गोळ्यांपलीकडे गेलेलं नाही, आणि गोळ्यांवरून एकदम बाकीच्यावर कसं यायचं ते मला जमत नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर वाईट वाटलं तर माझा हात धरून ते तूच गिरवून घेतलं होतंस, एवढं लक्षात ठेव.

अण्णा बरे आहेत, हे आधी सांगते. गुडघा सोडला तर कुरकुर नाही. मागच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर खारी येतात, त्यांच्याशी त्यांचं रोजचं भांडण असतं. ते अस्सल सांगलीच्या भाषेत चालतं, शेजाऱ्यांना कळत नाही हे आपलं नशीब. रुही ड्रायव्हिंग शिकतेय. अण्णा मागच्या सीटवर बसून तिला पशुसंवर्धन खात्याच्या जीपचे धडे देतात. ‘क्लच दाब, क्लच!’ ती म्हणते, ‘आजोबा, देअर इज नो क्लच.’ ते म्हणतात, ‘मग दाबल्यासारखं तरी कर.’

गेल्या रविवारी दुपारी आम्ही तिघं नाइल्सला सिनेमा बघायला गेलो. नाइल्स तुला आठवत असेल. इथून पंधरा-वीस मिनिटांवर, जुन्या सामानाच्या दुकानांचा रस्ता. तू आली होतीस तेव्हा आईने तिथे एका दुकानात पितळेचा तांब्या शोधून काढला होता आणि त्यावर ‘फुलदाणी’ अशी चिठ्ठी बघून ती रस्त्यावर येऊन हसत उभी राहिली होती. त्याच रस्त्यावर मूकपट दाखवणारं एक छोटं थिएटर आहे. शंभर वर्षांपूर्वी काउबॉयचे सिनेमे इथल्याच घाटात काढायचे. रुहीला इतिहासाच्या बाईंनी त्यासाठी जास्तीचे मार्क ठेवले होते, आणि अण्णांना मी बरोबर घेतलं, कारण घरी एकटे राहिले की ते जेवत नाहीत.

सिनेमा मात्र इथला नव्हता, फ्रान्सचा होता. सुरुवातीला एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या गल्लीत खरे काउबॉय कॅमेऱ्यासमोर धावत होते तेव्हा तिकडे फ्रान्सच्या दक्षिणेला, ज्यांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती अशी माणसं ऐकीव माहितीवर स्वतःची अमेरिका उभी करत होती. आणि खरंच ताई, फळीवर टेक्सास लिहिलं होतं, पण मागे वेताची बेटं आणि दलदल. घोडे सगळे पांढरे, बुटके. सलूनमध्ये येणारा प्रत्येक गुंड आधी हॅट काढून मालकिणीला नमस्कार करायचा. अण्णा मोठ्याने म्हणाले, ‘हे टेक्सास नव्हे. टेक्सासला एवढं पाणी कुठलं?’ अण्णा टेक्सासला कधी गेलेले नाहीत. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. रुही म्हणाली, ‘आजोबा, यू आर सो लाऊड.’ मी म्हटलं, अण्णा, मूकपट आहे, गप्प बसायचं असतं. तर म्हणतात, ‘ती माणसं बोलत नाहीत म्हणून तर आपण बोलायचं. नाहीतर तिकीट कशाला?’

मला मात्र तो खोटा टेक्सास आवडला. तू मिनेसोटाला शिकायला गेलीस तेव्हा माझी अमेरिका अशीच होती. रविवारच्या तुझ्या फोनमधून एकेक तुकडा यायचा आणि मी तो सांगलीत बसून जोडायची. तुझ्या खोलीच्या खिडकीबाहेर मी एक झाड लावलं होतं. पुढे कळलं की तिथे पार्किंग लॉट होता. ते झाड मी अजून काढलेलं नाही.

गोष्ट साधी होती. एका मोठ्या कुरणाची मालकीण, म्हातारी, दृष्टी अधू झालेली. तिचा एकुलता एक मुलगा शेजाऱ्याचे घोडे पळवतो. आळ येतो चाकरीला असलेल्या काउबॉयवर. त्याला खरा चोर माहीत असतो, पण त्या म्हातारीने त्याला पोरकेपणात जेवू घातलेलं असतं. तो बोलत नाही. बाकीच्यांच्या तोंडी मजकुराच्या पाट्यांवर पाट्या येतात, शेरीफच्या, शेजाऱ्याच्या, त्या चोर मुलाच्यासुद्धा. काउबॉयच्या वाट्याला एकही पाटी नाही. त्याला झाडाखाली नेतात, दोर टाकतात, म्हातारी खिडकीत येऊन ‘काय झालं, काय झालं’ विचारते, आणि तिथे पडदा पांढरा झाला. पियानो वाजवणाऱ्या बाईंनी अजून थोडं वाजवलं आणि हात मांडीवर ठेवले. शेवटचं रीळ सापडलेलंच नाही म्हणे. तो वाचला की नाही ते कुणालाच माहीत नाही.

लोक हळहळले. रुही म्हणाली, ‘दॅट्स सो अनफेअर.’ खरं सांगायचं तर मला त्या काउबॉयचा राग आला होता. त्याचं बरं होतं. मुलाला घोडे पळवताना थिएटरभर माणसांनी पाहिलं होतं. तो गप्प राहिला तरी आम्ही सगळे त्याच्या बाजूचे होतो. घरात आळ घेणाऱ्याला असे प्रेक्षक मिळत नाहीत. हा विचार चालू असतानाच शेजारून अण्णा म्हणाले, आणि या वेळी अगदी हळू, ‘बरं झालं शेवट हरवला. नाहीतर त्या म्हातारीला कळलं असतं.’

रुही मार्कांसाठी सुरुवातीला बोललेल्या बाईंची सही घ्यायला आत थांबली होती. आम्ही दोघं गाडीत येऊन बसलो. अण्णा पट्टा लावत होते, तो त्यांना कधी नीट लागत नाही. वर न बघता म्हणाले, ‘तुझ्या आईने तुझ्यावर फार टाकलं गं, शुभा.’ तोवर मला वाटत होतं, त्यांना काही माहीत नाही.

काय ते तुला सांगते. आईला तू तुझ्याकडे बोलावत होतीस तो महिना आठव. नव्या औषधाची चाचणी तुझ्या गावाजवळच्या हॉस्पिटलात होणार होती, तू स्वतः त्याच कामातली, तू डॉक्टरांशी बोललीस, आईचं नाव घालून घेतलंस, विमानात व्हीलचेअर सांगितलीस. आणि आदल्या आठवड्यात मी फोन करून म्हटलं, मी आईला पाठवणार नाही. तू खूप समजावलंस, मग ओरडलीस, मग म्हणालीस, ‘तुला ती तुझ्याच घरात मरायला हवीय.’ मी फोन ठेवला. ती फेब्रुवारीत माझ्याच घरात गेली. तू आलीस, सगळं केलंस, आणि माझ्याशी न बोलता परत गेलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

पाठवणार नाही हे माझं नव्हतं, आईचं होतं. मी मेथी निवडत होते, ती समोर बसली होती. म्हणाली, ‘मला नाही जायचं. सुया टोचून घेत अजून चार महिने मला नकोत. इथे खिडकीत ऊन येतं, तेवढं पुरे.’ मी म्हटलं, मग ताईला सांग तसं. तर म्हणाली, ‘प्रतिमाला नाही म्हणायची माझी छाती नाही. तिने सगळं उभं केलंय माझ्यासाठी. मी नाही म्हटलं तर तिला वाटेल, आई तिच्यासाठी थोडंसुद्धा झगडली नाही. तू सांग, तूच पाठवत नाहीस म्हणून.’ मी चिडले. म्हटलं, मी का वाईट व्हायचं? त्यावर तिने माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि स्वतः निवडायला लागली. म्हणाली, ‘बहिणीवरचा राग निघतो गं. मेलेल्या आईवर धरला तर प्रतिमा तो काढणार कुणावर?’ मग तिने मला वचन द्यायला लावलं. अण्णांनाही सांगायचं नाही, कारण अण्णांच्या पोटात काही राहत नाही असं तिचं मत होतं. पन्नास वर्षांच्या संसारानंतर तिचा हा अंदाज चुकला. ते बाहेर पेपर वाचत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि दोन वर्षं पोटात ठेवलं होतं.

हे तुला कधीच कळू नये असं ठरलं होतं. मी ते मोडतेय. तुला आता आईवर राग धरायचा असेल तर धर. मीही धरला होता, बराच काळ. तिच्या साड्यांच्या घड्या घालताना तो कधी निसटला ते मला नीट सांगता येणार नाही.

स्वतःला सोडवून घ्यायचं असतं तर हे पत्र मी केव्हाच लिहिलं असतं. परवा संध्याकाळी अण्णांना आणायला मी लेक एलिझाबेथवर जरा लवकर गेले. तिथल्या बाकावर त्यांचा आजोबांचा कंपू असतो. त्या दिवशी फक्त ते आणि हैदराबादचे राव होते, तळ्याकडे तोंड करून, म्हणून त्यांना मी दिसले नाही. दोघांची मिळून एकच भाषा, हिंदी, आणि ती दोघांनाही येत नाही. अण्णा म्हणत होते, ‘मेरे को बड़ीवाली के पास जाने का है. लेकिन छोटी को कैसा बोलेगा? इसने इतना किया. उसको लगेगा, बुढ्ढा निकल गया.’ राव म्हणाले, ‘तो मत जाओ ना.’ अण्णा म्हणाले, ‘नहीं नहीं. बड़ी ने माँ को इतना बुलाया, माँ गयी नहीं. कम से कम मैं तो जाऊँ.’ राव म्हणाले, ‘बोल दो फिर.’ आणि अण्णा म्हणाले, ‘अपने घर में बोलता नहीं कोई.’ मी तशीच मागे फिरले, गाडीत जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने आत्ताच आल्यासारखा हॉर्न वाजवला. घरी येताना त्यांनी मला रावांच्या गुडघ्याबद्दल पुष्कळ सांगितलं.

म्हणून हे लिहितेय. त्यांना तुझ्याकडे यायचं आहे, ताई, तू न भांडतासुद्धा. पण आईचा विषय मनात धरून तू इथे आलीस, आणि त्यांच्यासमोर मला काही बोललीस, तर ते माझी बाजू घेतील. एकदा बाजू घेतली की त्यांना इथेच राहावं लागेल, आणि ते राहतील, आनंदाने राहतोय असं दाखवत. ‘अण्णा, जा’ असं मी म्हणून चालणार नाही. त्यांना वाटेल, मीच कंटाळले. तेव्हा या वेळी आळ तू घे. आल्या आल्या सांग की अण्णांना नेणार, मला विचारू नकोस. मी नाही म्हणेन, थोडा वेळ ताणून धरेन. मग ते मला म्हणतील, ‘काय करणार बाळा, प्रतिमा ऐकतच नाही,’ आणि मोकळ्या मनाने बॅग भरतील. तुझ्या घरी, मॉरिसव्हिलला पोचल्यावर मला फोन करून तुझी तक्रार करतील, हिने बळजबरीने आणलं म्हणून. करू दे. तू शेजारी असलीस तरी काही बोलू नकोस. विमानात त्यांना कडेची सीट घे, गुडघा लांब करता येतो. आणि तिकीट एकेरीच काढ. परतीचं कधीचं, हे मी सगळ्यांसमोर विचारेन, जरा आवाज चढवूनच. तेव्हा माझ्याकडे बघून सरळ सांग, परत पाठवणार नाही म्हणून.

तुझ्या हाताखालीच लिहायला शिकलेली,
तुझीच,
शुभा