पहिल्या रांगेतले हसू

सौभाग्यवतीस सप्रेम आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. गुडघ्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तुझा खोकला थांबला का?

आपली कन्या मंचावर एकटी उभी राहून आपला रंग, आपल्या रीती, माझे इंग्रजी उच्चार आणि इथले राजकारण यांवर विनोद करते. त्यांवर हसावे की नाही, हे इथल्या गोऱ्या लोकांना उमगत नाही. म्हणून ते आधी पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहतात. “बाबा, तुम्ही हसलात की त्यांना परवाना मिळतो,” असे ती म्हणते. स्वतःच्याच उच्चारांवर रोज हसून मी थकलो आहे.

काल एक गृहस्थ ओरडले, “आपल्या देशात परत जा!” तिच्या तोंडून शब्द फुटेना. सारे माझ्याकडे पाहू लागले. मी हसलो, कसा, ते विचारू नकोस. तेव्हा कुठे तिला कंठ फुटला. “अहो काका, बाबा केव्हाचे बॅग भरून बसलेत. मीच जाऊ देत नाहीये!” लोकांची हसून मुरकुंडी वळली.

बॅग खरोखरच भरलेली आहे. पुढच्या आठवड्याचे परतीचे तिकीट मात्र मी रद्द केले. मी निघून आल्यावर पुन्हा कोणी तसे ओरडले, तर आधी कोण हसणार?

लोभ आहेच, तो मागण्याचे आता वय नाही.

तुझे ‘अहो’