सतरंजी, फिडल आणि सहा अंगांचा नमस्कार

लंडन (ओंटारिओ),
१६ ऑगस्ट २००९

तीर्थस्वरूप नंदूमामांस,

हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार. (त्यातली दोन अंगं सध्या दुखताहेत, तेव्हा सहाच धरावीत, कारण पुढे येईल.) तुमचा खांदा कसा आहे? मामींना मिरजेचा पावसाळा बाधला नाही ना? इकडे मी, अरुणा आणि ईशानी मजेत आहोत. दहा वर्षांपूर्वी इकडे येताना ‘रोज मांडी घालून रियाज करशील’ असं वचन घेऊन तुम्ही सोबत दिलेलं तुमचं व्हायोलिनही सुखरूप आहे.

गेल्या महिन्यात तळ्याकाठच्या एका गावी लोकसंगीताच्या उत्सवाला गेलो होतो. तिथे फिडल वाजवतात. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त मुंज न झालेलं. आलाप नाही, विलंबित नाही, पहिल्या सुरापासून घोडा उधळलेला. ठेका स्वतःच्याच पायाने देतात (तबलजीचे रुसवेफुगवे वाचतात) आणि वाजवताना चक्क हसतात. वाजवताना दात दिसले की सूर ढळतो, ही तुमची शिकवण आठवून मला त्यांची कीव आली.

पोचलो तेव्हा हजारभर माणसं दूर गवतावर खुर्च्या टाकून बसलेली, आणि मंचासमोरची ऐन मोक्याची लाकडी जमीन साफ रिकामी. या लोकांना मैफलीत पुढे बसायचंही कळत नाही, असं म्हणत मी सतरंजी अंथरली. चपला काढून ओळीत लावल्या. अरुणाने थालीपिठांचा डबा उघडला. मी दाद द्यायला उजवा हात मोकळा ठेवून डोळे मिटले. जवळून जाणारा प्रत्येकजण आम्हाला ‘सॉरी’ म्हणत होता. मला वाटलं, जाणकारांना मान देताहेत.

पहिली गत सुरू झाली आणि डोळे उघडले, तर चहूकडे पाय. साठ-सत्तर माणसं आमच्या सतरंजीला प्रदक्षिणा घालत नाचत होती. एकानेही उठा म्हटलं नाही. अकरा वर्षांची ईशानी शेवटी कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, धिस इज द डान्स फ्लोअर.”

उठलो, तोवर माझी उजवी चप्पल लाथा खात मंचाकडे निघाली होती. तिच्यामागे धावताना एका सत्तरीच्या बाईंनी मला पकडून गिरकी दिली आणि पुढच्या माणसाच्या हवाली केलं. मामा, मी सहा गती नाचलो. पाय आणि गुडघे गेले ते तिथेच. अरुणा तर चपला सापडल्यावरही थांबेना. माझी चप्पल मॉरीन नावाच्या फिडलवाल्या आजींच्या खुर्चीखाली निघाली. ती आणायला ईशानी गेली, ती तासभर आलीच नाही. आजी तिला गज धरायला शिकवत होत्या.

असो. हे वादन आपल्या घराण्याला शोभणारं नाही, हे तुमचं मत (तुम्ही अजून दिलेलं नसलं तरी) मला पूर्ण मान्य आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हेमचंद्र

ता. क. : ईशानी गेले तीन शनिवार मॉरीन आजींकडे शिकते आहे. व्हायोलिन तुमचंच. तारा त्यांच्या पद्धतीने लावल्यात आणि ती उभ्याने वाजवते. तुमची परवानगी हवी आहे.

दुसरा ता. क. : व्हायोलिन सुखरूप राहिलं, कारण दहा वर्षं मी त्याची पेटीच उघडली नव्हती. ती बेसमेंटमध्ये विंटर टायर्सच्या मागे होती. पत्रांतला माझा सगळा रियाज खोटा होता. फार लाज वाटते, मामा.

तिसरा ता. क. : नाही म्हणायचं असेल तर फोन करू नका, साध्या पोस्टाने कळवा, तेवढेच तीन आठवडे तिला मिळतील. आत्ता ती खाली वाजवतेय. वाजवताना हसते. सूर ढळत नाही, मी नीट कान देऊन ऐकलंय.